लेस हॉपगुडची सीलबंद बाटली

१

“ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही,” म्हातारा म्हणाला. “पटली तर पुढची करवंटी तुम्ही मला पाजायची. नाही पटली तर दोन.”

“म्हणजे तुझं दोन्हीकडून भलं, बुबू,” नालाऊ ट्रकवाला म्हणाला. बाकावरची चारपाच डोकी हलली, पण मोठ्यानं कुणी हसलं नाही. काव्हा, म्हणजे मुळं कुटून गाळलेला तो कडू रस, पोटात गेला की मोठा आवाज सोसत नाही. नाकामालात, म्हणजे काव्हा प्यायच्या अड्ड्यात, माणसं कुजबुजतात, बाजूला थुंकतात आणि अंधाराकडे बघत बसतात. सूर्य नुकताच बुडाला होता. दिवा एकच, तोही दारावर. टबापाशी बसून करवंट्या भरून देणारा माणूस म्हणजे नुसता एक हात होता, बाकी सगळा काळोखात. टबाच्या काठावर त्यानं गाळायचं फडकं घडी घालून ठेवलं होतं. घडीतून दोन टोकं कानांसारखी वर काढलेली होती.

म्हातारा इथला नव्हता. भाचीच्या लग्नाला सांतो बेटावरून विला शहरात आला होता. लग्नघरच्या बायकांनी “लुडबुड नको, बाहेर जाऊन बसा” म्हणून हाकलल्यावर पाय नेतील तिकडे निघाला, तो या नाकामालात येऊन टेकला. बोटींवर बारा वर्षं काढली, एवढं त्यानं आल्या आल्या ऐकवलं. नाव कुणी विचारलं नाही. पिकल्या केसांना बुबू, म्हणजे आजोबा, म्हटलं की भागतं.

“लॉरिकीट नावाची सहलीची बोट,” तो सांगू लागला. “वरती दोन हजार ऑस्ट्रेलियन, आणि त्यातले एकोणीसशे चोर.”

चोर म्हणजे दारूचे. आपली दारू बोटीवर आणायची नाही, प्यायची तर बोटीची, असा नियम. ऑस्ट्रेलियन माणसाला नियम वाचून दाखवला की त्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी पैजेला बोलावतंय. ब्रिस्बेनच्या धक्क्यावर दर फेरीला तपासणी व्हायची, आणि ती करायचा गाराए नावाचा सुरक्षा अधिकारी. पूर्वीचा पोलीस. त्याच्या नाकाखालून कायकाय जायचं! चूळ भरायच्या औषधाच्या बाटलीत हिरवा रंग घातलेली रम. उन्हाच्या क्रीमच्या नळीत जिन. पोखरलेल्या पावात व्हिस्की. एकानं तर पोकळ लाकडी पाय भरून आणला. गाराएनं पाय जप्त केला, तर गृहस्थ आपल्या दोन्ही धडधाकट पायांवर नाचत वर गेला.

“थाप!” नालाऊ म्हणाला.

“ही थाप,” म्हातारा कबूल झाला. “पुढची नाही.”

त्या फेरीला या एकोणीसशे चोरांच्या रांगेत एक म्हातारी उभी होती. मर्ल हॉपगुड, क्वीन्सलंडमधल्या उसाच्या गावची. तिची पाळी आली तशी तिनं पिशवीतून बाटली काढली आणि स्वतःच टेबलावर ठेवली.

“ही रम आहे,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांनी घरामागच्या शेडमध्ये गाळलेली. शेवटची. ते गेले दोन वर्षांपूर्वी. विलाचा समुद्र दिसला की उघडायची, एक घोट मी घ्यायचा आणि बाकी समुद्रात ओतून त्यांना द्यायची, असं सांगून गेलेत. लग्नानंतर तिथंच गेलो होतो आम्ही. तेव्हा तिथं दोन झेंडे होते, एक इंग्रजांचा, एक फ्रेंचांचा.”

मागून एक टोपीवाला ओरडला, “अहो आजीबाई, सांगायचं नसतं हो! चूळ भरायच्या बाटलीत ओतायची!” सगळी रांग खिदळली.

नियम तो नियम. गाराएनं बाटलीच्या गळ्याला तिच्या खोलीच्या नंबरची चिठ्ठी बांधली. बांधताना त्याची नजर झाकणावरच्या लाल मेणावर गेली. मेण ओलं असताना कुणीतरी त्यावर अंगठा दाबला होता. अंगठ्यावर आडवा व्रण होता, कोयत्याचा असावा तसा. “कप्तानाला विचारतो,” तो म्हणाला, “विला जवळ आल्यावर.”

आणि त्यानं खरंच विचारलं. कप्तान चांगला माणूस. पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यानं म्हातारीला आपल्या खोलीत बोलावलं, चांगला पेला मागवला. मर्लनं मेणाचं टोपण सुरीनं हलकेच उचललं. ते अख्खं निघालं. तिनं ते रुमालात बांधलं, झाकण फिरवलं, वास घेतला. डोळे मिटले. मग पेल्यातला घोट घेतला आणि डोळे उघडले.

“हा चहा आहे,” ती म्हणाली.

२

चहाच होता. कोरा, गार, त्यात रमचा वास तेवढा राहिलेला.

बोटीवरचा हॉटेल व्यवस्थापक प्रिंगल गाराएला बाहेर ओढून म्हणाला, “चोर आपलाच. चार वाजता विलाच्या धक्क्याला लागतोय. त्याच्या आत मला नाव हवं, तिथंच उतरवू.”

जप्त बाटल्यांची खोली ब्रिस्बेनला बंद झाली की दारावर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवायची पद्धत होती. आज सकाळपर्यंत ती पट्टी शाबूत होती. म्हणजे आत कुणी गेलंच नव्हतं. जे झालं ते खोली बंद होण्याआधी. आणि त्याआधी जप्त बाटल्यांची टोपली कुणाकडे होती?

“वहीत लिहिलंय, तुम्ही आणि खोल्या आवरणारा तो तारी, दोघांनी मिळून टोपली खाली नेली,” प्रिंगल म्हणाला. “सही तुमची आहे, गाराए. पण कॅमेऱ्यात दहा मिनिटं टोपलीपाशी एकट्या तारीची पाठ दिसते. तुम्ही नाही.”

पावात व्हिस्की लपवणारा तो प्रवासी त्याच वेळी सापडला होता. गाराए टोपली तारीच्या हातात देऊन वर पळाला होता, आणि परत येऊन “दोघांनी मिळून” म्हणून सही ठोकली होती.

“मी ते विसरू शकतो,” प्रिंगल म्हणाला. “चोर सापडला तर.”

तारी चाळिशीला टेकलेला, अंबे बेटाचा माणूस. बोटीवर तो प्रसिद्ध होता टॉवेलांसाठी. गादीवर टॉवेलाचा हत्ती करून ठेवायचा, कासव, वटवाघूळ. पोरं खोली सोडायला तयार नसायची. दहा वर्षं खोल्या आवरल्यावर आता कुठं त्याला जेवणघरात घ्यायचं ठरत होतं.

“काका, मी टोपलीला हात लावला नाही,” तो म्हणाला. “लिफ्टमध्ये सामान भरलं होतं. तुमची वाट बघत उभा होतो.”

“दहा मिनिटं?”

“दहा मिनिटं. मग तुम्ही आलात. घामाघूम. म्हणालात, कुणी विचारलं तर आपण सोबतच होतो. मी कुणाला काही बोललो नाही, काका. आताही बोलणार नाही.”

“रम पितोस?”

“काव्हा पितो. तोही घरी गेल्यावर.” मग तो जरा हसला. “दहा मिनिटांत चहा कुठून आणू? किटली काय खिशात होती?”

गाराएला हेच म्हणायचं होतं. तो उठला, तोच प्रिंगल दारात उभा. त्याच्या हातात चूळ भरायच्या औषधाची बाटली होती, आणि तिच्यात हिरवी रम.

“याच्या कपाटात सापडली,” तो म्हणाला.

३

“आता अडकला बिचारा,” नालाऊ म्हणाला. “बुबू, पी आणि सांग.”

काळोखातून हात आला, करवंटी देऊन गेला. म्हाताऱ्यानं एका दमात संपवली, थुंकला, तोंड पुसलं.

ती बाटली त्या टोपीवाल्यानं दिली होती. त्याचं नाव रस. मर्लच्या शेजारच्याच खोलीतला. रोज सकाळी गादीवर हत्ती बघून खूश झाला आणि बक्षीस म्हणून तारीच्या हातात हिरवी बाटली कोंबली. तारीला वाटलं, चूळ भरायचं औषध. बिचाऱ्यानं दोन दिवस दात खळखळून धुतले आणि ‘हे फार कडक आहे’ म्हणून कपाटात ठेवून दिली.

गाराए रसला पोहण्याच्या तलावावर जाऊन भेटला.

“कसली बाटली?” रस म्हणाला. “मी आपला ब्रशनं दात घासतो.”

“तुम्ही खरं सांगितलंत तर एका माणसाची नोकरी वाचेल.”

“आणि माझी सुट्टी बुडेल. मलाही विलालाच उतरवाल ना? नियम तुमचेच, साहेब.” त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. “वाईट वाटतं हो. हत्ती सुंदर करतो तो.”

जप्तीच्या खोलीची दुसरी किल्ली बारच्या डॅरनकडे असायची. तो पेले पुसत होता. “मी चोरीन?” तो म्हणाला. “माझ्यामागं बघा, बाविसाव्या नंबरच्या फळीपर्यंत रमच आहे. ते टाकून कुणा म्हाताऱ्यानं शेडमध्ये उकळलेलं पिऊ? मला माझं काळीज प्यारं आहे. आणि पट्टी फाडल्याशिवाय दार उघडतं का, तूच सांग.”

उघडत नव्हतं. सगळ्या वाटा फिरून तारीपाशी येत होत्या.

साडेदहाला गाराए आपल्या खोलीत ती बाटली समोर घेऊन बसला. उजेडाकडे धरली. चहा बराचसा होता, एक घोटच गेला होता. आणि गळ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूनं, काचेला तपकिरी कडं धरलं होतं. त्यानं चमच्याचा दांडा आत घालून खरवडलं. निघेना.

तो उभाच राहिला. पाच दिवस बोट एक क्षण स्थिर नव्हती. नूमेआ बंदराच्या अलीकडे तर पेले भिंतीवर फुटले होते. हिंदकळणाऱ्या पाण्याला कडं धरता येत नाही. कडं धरायला पाणी एका जागी, एका फळीवर, न हलता उभं राहावं लागतं. वर्ष नाही, वर्षं.

बाटली ब्रिस्बेनला चढली तेव्हाच तिच्यात चहा होता.

४

मर्ल मागच्या डेकवर खुर्ची टाकून बसली होती. रुमाल मांडीवर.

“बाई, ही बाटली सील कधी केली त्यांनी?”

“डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशी. आता एक थेंब घेतलात तर संपलात, असं म्हणाला. लेस घरी आला, शेडमध्ये गेला, आणि अंगठ्याला लाल मेण लावून बाहेर आला. म्हणाला, मर्ल, ही शेवटची, ही आता आपली विलाला. त्यानंतर सहा वर्षं जगला तो. नाताळलासुद्धा शिवला नाही.”

“सील करताना तुम्ही होतात?”

“छे! शेड त्याची. मी आत जात नसे. रोज दुपारी थर्मासभर चहा तेवढा करून द्यायचे. कोरा. तो घेऊन तिथं बसायचा खुडबुड करत.” ती हसली. “सील केल्यावर पाच सहा दिवसांनी एकदा म्हणाला, मर्ल, आज थर्मास जरा मोठा दे.”

गाराए कठड्याला धरून उभा राहिला. सगळं जुळलं होतं आणि त्याला ते जुळायला नको होतं. अंगठा लेसचा, व्रण लेसचा. मेलेला माणूस ब्रिस्बेनला येऊन मेणावर अंगठा दाबत नाही. म्हणजे रम पिऊन चहा भरला तोही लेसनं, आणि मेण पुन्हा लावलं तेही लेसनं. चोर बोटीवर चढलाच नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी उसाच्या गावात पुरला होता.

बाटली आणि ते मेण, दोन वस्तू. एवढ्या कप्तानासमोर ठेवल्या की तारी सुटला.

पण गाराए आमच्याकडचा माणूस. मेलेल्याचा दोष बाहेर बोलायचा तर आधी त्याच्या घरच्यांना सांगायचा, त्यांची परवानगी मागायची, मग मुखियाकडे जायचं. आईनं शिकवलेलं. ब्रिस्बेनचा पोलीस सरळ कप्तानाकडे गेला असता. गाराए खुर्चीशेजारी उकिडवा बसला, बाटली तिच्या हातात दिली, कडं दाखवलं, आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात, मान खाली घालून, जसं सांगायचं तसं.

तिनं बाटली उजेडाकडे धरली.

“सहा वर्षं मी त्याला धुतलं, पुसलं,” ती म्हणाली. “का, माहीत आहे? त्यानं शब्द पाळला म्हणून. मला मूल नाही, बाळ नाही. तो माझ्याशी खोटं बोलला नाही, एवढंच आहे माझ्याकडे.”

“बाई, खाली एका माणसाची नोकरी...”

“लेस खोटं बोलत नव्हता,” ती म्हणाली. तिनं रुमाल बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळला, मेणासकट, नीट गाठ मारली, उठली, आणि दोन्ही हातांनी बाटली कठड्यापलीकडे सोडली.

खाली पांढरा फेस होता. त्यात काही दिसलं नाही. दूरवर विलाच्या एफाते बेटाचे डोंगर वर येत होते, आणि जेवणाची घंटा वाजली. बारा.

५

वर वडाच्या झाडात वटवाघळं भांडत होती. म्हाताऱ्यानं करवंटी पुढं केली, टबामागच्या हातानं ती भरून दिली. म्हाताऱ्याचा आवाज आता घोगरा झाला होता, पण वेगात आला होता. शेवट जवळ आला की तो नेहमीच वेगात येई.

तीन वाजता कप्तानाच्या खोलीत सगळे जमले. कप्तान, प्रिंगल, गाराए, दाराशी तारी. प्रिंगलनं हिरवी बाटली टेबलावर आपटली. म्हणाला, हा चोर, आणि मेणाचं काय घेऊन बसलात, मेणबत्ती लावली की वितळतं आणि परत बसतं.

तेव्हा गाराए पुढं झाला. त्यानं ती बाटली टेबलावर ठेवली, रुमालाची गाठ सोडली, मेणाचं टोपण काढून कप्तानाच्या तळहातावर दिलं. म्हणाला, साहेब, हा व्रण बघा. हे कडं बघा. असा अंगठा या बोटीवर कुणाला असेल तर मला उतरवा. कप्तानानं भिंग मागवलं. बघितलं, पुन्हा बघितलं. प्रिंगलचा चेहरा पडला. गाराए तिथंच न थांबता म्हणाला, आणि वहीतली सही माझी खोटी आहे, त्या दहा मिनिटांचा दोष माझा, तारीचा नाही. कप्तान उठून उभा राहिला. त्यानं आधी तारीशी हात मिळवला, मग गाराएशी. रस रडत आला, कबूल झाला. म्हातारीला कप्तानानं आपल्या कपाटातली रम दिली, तिनं ती विलाच्या समुद्रात ओतली, ही बघा, इथून ढेंग टाकली तर लागेल अशा ठिकाणी. आणि त्या संध्याकाळी बोट सुटली तेव्हा तारी वरच्या डेकवर होता. म्हातारीच्या गादीवर टॉवेलाचा राजहंस. पुढं तो जेवणघरात लागला. मोठा माणूस झाला म्हणतात.

“झालं,” म्हातारा म्हणाला. “पटली?”

“पटली बुवा,” नालाऊनं नाक ओढलं. “पाय नाही पटला. ही पटली. अरे, भर याची करवंटी, माझ्याकडून.”

काळोखातून हात आला. करवंटी काठोकाठ होती. ती म्हाताऱ्याच्या हातात मात्र पडली नाही. मध्येच थांबली.

“बाटली आणि रुमाल तर बारा वाजताच समुद्रात गेले होते,” टबामागचा माणूस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. नाकामालात बोलतात तसाच होता.

म्हाताऱ्याची नजर टबाच्या काठावर गेली. दोन कान काढलेलं ते फडकं वटवाघळासारखं बसलं होतं, पंख मिटून.

“मग तीन वाजता टेबलावर काय ठेवलंत, गाराएकाका? मी दाराशी उभा होतो. तुमचे दोन्ही हात खिशात होते.”